शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो, स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, धुकं दिसतं. दोष रेकॉर्डच्या खाचेत की माझ्या जोडणीत?

बोरीकाठ (अमळनेर)
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट माहिती देऊन तुमचा वेळ घालवायचा नाही.

आमचा अमळनेरला लाऊडस्पीकरचा धंदा होता. वडील, म्हणजे अण्णा, लग्नसराईत भोंगे, मशीन, बॅटरी आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी बैलगाडीत टाकून बोरीकाठच्या गावांना जायचे. कडुलिंबावर भोंगा चढवला की खाली उभं राहून ते दोन मिनिटं नुसतं ऐकायचे. मग मला सांगायचे, "पोऱ्या, आवाज फाटी राह्यना, सुई बदली टाक." कधी सुई, कधी मशीन जास्त उघडलेलं, कधी बॅटरी उतरलेली. फाटलेला आवाज कुठून फाटला हे त्यांना कानाने कळायचं. मला तसं कळत नाही, म्हणून मी चित्राचा आधार घेतोय.

अण्णा गेल्यावर पेटीतून १८४ रेकॉर्ड निघाल्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या बाजूला ठेवल्यात, त्यांना वेगळी जाड सुई लागते. एलपी, म्हणजे हळू फिरणाऱ्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड, संगणकात उतरवतोय. प्लेअर बेल्टवर चालणारा जुना आहे, कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) मूव्हिंग मॅग्नेटचं, सुई गोल टोकाची, वजन २ ग्रॅम. तिथून आवाज वाढवणारा प्रीअँप, प्रीअँपमधून यूएसबी इंटरफेस, आणि संगणकात ऑडासिटी या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. (पहिल्या चार रेकॉर्ड मी लॅपटॉपच्या माईकच्या भोकातून उतरवल्या होत्या. त्या सगळ्या वाया गेल्या, पुन्हा कराव्या लागल्या.)

अडलंय ते लोकगीतांच्या एका मोनो एलपीवर. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं स्वच्छ आहे. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आडवा वेळ, उभी सुराची उंची) बाईंच्या आवाजाच्या रेघा एकावर एक अशा सरळ दिसतात, जणू नुकत्याच निंदलेल्या कपाशीच्या ओळी. मधली जागा काळी. शेवटच्या गाण्यात मात्र बाई वरच्या सुरावर थांबल्या की ८ किलोहर्ट्झच्या वर सगळं धुकं होतं, थेट ३० पर्यंत. ऐकायला कोरं कापड टरकावल्यासारखं लागतं. सूर खाली आला की धुकं जातं.

चित्रात आणखी तीन गोष्टी दिसतात, त्यांचा संबंध आहे का माहीत नाही. अगदी तळाला ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर आडव्या रेघा. १५.६ किलोहर्ट्झवर एक बारीक, दोरी ताणल्यासारखी सरळ रेघ, गाणं नसतानाही. आणि काही ठिकाणी १.८ सेकंदांच्या अंतराने उभ्या रेघा.

माझा खरा प्रश्न असा: हे धुकं मूळ ध्वनिमुद्रणातलं आहे, अण्णांच्या जुन्या जड पिकअपने (सुई धरणाऱ्या हाताने) खाच घासलीय, आज माझी सुई नीट चालत नाही, की पुढे तारांमध्ये काही बिघडतंय? अण्णांच्या हातून रेकॉर्ड खराब झाली असेल तर तसं कळू दे. पण माझ्या चुकीचं खापर मला त्यांच्यावर फोडायचं नाही.

केळीबाग (रावेर)
शनिवार, रात्री ११:१५

भाऊ, एवढं कशाला खोलात जाता? क्लिपिंग, म्हणजे आवाजाच्या लाटांचे कापले गेलेले माथे, दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरं आहेत. फाइल टाका, बटण दाबा. माझ्या कॅसेटी अशाच केल्या, छान झाल्या. नाहीतर तीच गाणी नेटवर शोधा आणि ताडून बघा.

जंक्शनवाला (भुसावळ)
रविवार, सकाळी ७:०५

रेल्वेत सिग्नल-टेलिकॉमला ३१ वर्षं काढली, त्यामुळे दोष शोधायचा तो एका टोकाकडून, ही सवय अंगात मुरलीय. तुमच्या साखळीत चार ठिकाणं आहेत: मूळ ध्वनिमुद्रणाची फीत, खाच, सुई, आणि सुईच्या पुढची वीज, म्हणजे प्रीअँपपासून संगणकापर्यंत सगळं. वीज तपासायला सगळ्यांत सोपी, म्हणून सुरुवात तिथून करा.

फाटलेल्या जागी तरंगचित्र इतकं मोठं करा की एकेक लाट दिसेल. लाटांचे माथे सपाट, सुरीने कापल्यासारखे आहेत का? शून्य डेसिबलवर कापलेले असतील तर संगणकात भरताना चूक झाली. त्याच्या खाली, पण प्रत्येक वेळी त्याच उंचीवर कापलेले असतील, तर प्रीअँपला झेपलं नाही. माथे गोल आणि वेगवेगळ्या उंचीचे असतील तर वीज बहुतेक निर्दोष. केळीबागवाले भाऊ, म्हणूनच बटण दाबायची घाई नको. क्लिपिंगचं सॉफ्टवेअर सपाट माथा शोधून त्यावर अंदाजाने गोल टोक बसवतं. माथा सपाट नसेल तर ते चांगल्या लाटेलाच हात लावील. नेटवरच्या प्रतींचंही तसंच. त्यांच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये बरेचदा १६ किलोहर्ट्झला कात्रीने कापल्यासारखी कड दिसते. ती एमपीथ्रीने कापलेली असते. वरचं सगळं गायब, मग धुकं ताडणार कशाशी?

आणखी एक खूण चित्रातच सापडते. बाई मींड घेत सूर वर चढवतात तेव्हा आवाजाच्या सगळ्या रेघा वर जायला हव्यात. त्याच वेळी एखादी रेघ वरून खाली येताना दिसली तर बिघाड आकडे झाल्यानंतरचा, म्हणजे संगणकातला. ९६ ला भरलं की छत त्याच्या निम्मं, ४८ किलोहर्ट्झचं. त्याच्या वर जाऊ पाहणारे संगणकातले उपस्वर छताला आपटून उलटे खाली येतात. खाचेत, सुईत किंवा प्रीअँपमध्ये फाटलेला आवाज असा उलटा फिरत नाही, कारण आकडे करण्याआधीच फिल्टर त्याला छताखाली अडवतो.

आता सुई आणि खाच. शेवटच्याच गाण्यात का, याचं कारण साधं आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. बाहेरच्या कडेला, केंद्रापासून १४.६ सेंटिमीटरवर, सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते. आत ६ सेंटिमीटरवर जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ०.०५ मिलिमीटर लांब कोरलेली असते, तर आत ०.०२. तुमच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच ०.०१८ च्या आसपास. एवढ्या अरुंद वळणात ती बसणार कशी? शेवटच्या गाण्यात थोडं धुकं चांगल्या रेकॉर्डवरही येतं. ते किती, हे बघायचंय.

त्यासाठी माझी आवडती चाचणी. रेकॉर्ड मोनो आहे ना? मग खाचेच्या डाव्या-उजव्या दोन्ही भिंतींवर गाणं एकच. ऑडासिटीत डावा-उजवा वेगळा करा, एक उलटा करा, पातळी हजारात एक इतकी बारीक जुळवा आणि दोन्ही मिसळा. गाणं जवळजवळ नाहीसं होतं. मागे उरतं ते फितीवर नव्हतंच: धूळ, ओरखडे, सुईचा उभा थरकाप. तुमचं कापड टरकावणं या उरलेल्यात असेल तर मूळ मुद्रण निर्दोष सुटलं. पण हे उलट लावू नका. धुकं नाहीसं झालं म्हणून फितीवर दोष सिद्ध होत नाही, दोन्ही भिंतींना सारखा झालेला बिघाडही वजाबाकीत जातोच.

५० हर्ट्झचं म्हणाल तर ती घरच्या वीजपुरवठ्याची गुणगुण, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर भरा.

पांझरेचं पाणी (धुळे)
रविवार, दुपारी १:३०

जंक्शनवाले काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझे दोनच मुद्दे.

१५.६ ची रेघ तुमच्या प्लेअरची नाही. घरात किंवा शेजारी पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही चालू असणार. आपल्याकडच्या टीव्हीत ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. ती रेघ बरोब्बर तिथेच असेल. टीव्ही बंद करून बघा.

दुसरं, तुमच्या आसपास जिनिंग आहे का? हे विचारण्यामागे कारण आहे. आमच्या गल्लीत कापसाच्या दिवसांत हवेत रुईचे तंतू असतात. सुई बाजूभर फिरताना खाचेतले तंतू टोकावर गोळा करते आणि शेवटच्या गाण्यापर्यंत तिला टोपी चढते. आवाज आधी मंद होतो, मग फाटतो. खाच आत अरुंद झाल्याचा दोष आणि हा, दोन्ही शेवटीच येतात, त्यामुळे माणूस फसतो. सुई साफ करा आणि थेट शेवटच्या गाण्यापासून लावा. फरक पडला तर तेवढा वाटा रुईचा.

बोरीकाठ (अमळनेर)
रविवार, रात्री ९:२०

दोघांचेही मनापासून आभार. जिनिंग आमच्यापासून दोन शेतांवर आहे. आणि टीव्ही आईच्या खोलीत, भिंतीपलीकडे. मला हे सुचलंच नव्हतं. आठवडाभर एकेक करून बघतो, एका वेळी एकच बदल.

बोरीकाठ (अमळनेर)
पुढचा सोमवार, रात्री ११:५०

सगळ्या चाचण्या झाल्या. क्रमाने सांगतो, काही ठिकाणी लांबेल.

टीव्ही बंद केला, १५,६२५ ची रेघ गेली. चार्जर काढला, ५० च्या रेघा पार फिक्या झाल्या. आई आता मी भरायला बसलो की टीव्ही स्वतःच बंद करते. लाटांचे माथे गोल, वेगवेगळ्या उंचीचे. मींडेत एकही रेघ खाली येत नाही. म्हणजे विजेचं काम निर्दोष.

पांझरेभाऊ, तुमची रुई सापडली. भिंगाखाली सुईच्या टोकावर राखाडी झुपका होता, बाजरीच्या दाण्याएवढा. मऊ ब्रशने मागून पुढे काढला आणि शेवटच्या गाण्यापासून लावलं. धुकं ८ ऐवजी १२ किलोहर्ट्झच्या वर सुरू झालं. पण टरकावणं होतंच.

मग वजाबाकी. पातळी जुळवायलाच अर्धा तास गेला. बाईंचा आवाज विहिरीत गेल्यासारखा झाला, ढोलकी गेली, आणि प्रत्येक लांब सुरावर ते टरकावणं तेवढं शिल्लक राहिलं. ऐकताना अंगावर काटा आला, कारण त्यात गाणं नव्हतंच. मग डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी पाहिली. उजवीकडे सुरावर उभे केस उगवल्यासारखे दाट दिसतात, डावीकडे निम्मेही नाहीत.

याचा अर्थ मला वाचूनच कळला. सुईचा हात फिरत्या रेकॉर्डवर आत ओढला जातो, त्यामुळे आतल्या, डाव्या भिंतीवर भार वाढतो आणि बाहेरची उजवी भिंत सुईच्या पकडीतून सुटते. त्यासाठी अँटीस्केट असतं. माझ्या प्लेअरवर ते म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला टांगलेलं छोटं पितळी वजन. घर बदलताना दोरा तुटला होता आणि एवढ्याशा वजनाने काय होणार म्हणून मी ते लावलंच नव्हतं. अण्णांच्या सुयांच्या डबीत ते वजन मिळालं. नवा दोरा बांधला, सुईचं वजन २ वरून २.२५ केलं, कार्ट्रिजच्या मर्यादेतच. पुन्हा भरलं.

उजवीकडचे केस गेले. शेवटचं गाणं जवळजवळ पूर्ण स्वच्छ झालं. इतके दिवस मी हे अण्णांच्या जड पिकअपवर ढकलत होतो, आणि चूक माझ्या न लावलेल्या वजनाची होती.

एक जागा मात्र राहिली. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला, जेमतेम ७ सेकंद, म्हणजे चार फेरे. तिथे दोन्ही बाजूंना धुकं आहे. वजन वाढवून, कमी करून, अँटीस्केट बदलून काहीही फरक नाही. पांझरेभाऊंनी एसटीच्या पार्सलने लंबगोल टोकाची सुई पाठवली. तिचं टोक खाचेच्या दिशेने खूप बारीक असतं. तिने बाकीच्या गाण्यात शेवटचं थोडंसं धुकंही काढलं, या चार फेऱ्यांत मात्र निम्म्यावर आणून थांबली. हे खाचेतच आहे ना?

आणि इथे मला एक गोष्ट दिसली, ती तुम्हाला विचारायचीय. त्या कडव्याच्या अगदी आधी मी स्पेक्ट्रोग्रामची विंडो, म्हणजे एका वेळी मोजायचा आवाजाचा तुकडा, ४०९६ वरून ५१२ वर आणली. मोठ्या विंडोत सुरांच्या रेघा बारीक दिसतात, पण टिचक्या, म्हणजे क्षणभराचे टकटक आवाज, पसरतात. छोट्या विंडोत रेघा जाड होतात आणि टिचकी केसाएवढी उभी राहते. दीड सेकंदाच्या जागेत अशा ११ टिचक्या निघाल्या. एकीचंही १.८ सेकंदांनी पुनरागमन नाही. हे काय आहे?

जंक्शनवाला (भुसावळ)
मंगळवार, सकाळी ६:५०

छान काम केलंत. एका वेळी एकच बदल केला म्हणून प्रत्येकाचा वाटा कळला. वजनाने, सुईने, कशानेच जात नाही आणि ठरावीक चार फेऱ्यांतच आहे, तर ती झीज खाचेतलीच. फितीवरची नाही, कारण वजाबाकीतही ती उरते असं धरून चालतो. तेवढं एकदा बघून घ्या.

११ टिचक्यांचं सांगतो. ओरखडा आडवा जातो, शेजारच्या अनेक खाचा कापतो, म्हणून दर फेऱ्याला, १.८ सेकंदांनी, परत भेटतो. तुमच्या दुसऱ्या ठिकाणच्या उभ्या रेघा तशाच आहेत. पण एकदाच येऊन न परतणारी टिचकी म्हणजे एका जागी पडलेला खड्डा. कडवं सुरू होण्याच्या आत दीड सेकंदात असे ११ खड्डे आपोआप पडत नाहीत. कुणीतरी तिथे पुन्हा पुन्हा सुई टेकवली आहे. जड पिकअप, हाताने, अंदाजाने. कधी थोडी अलीकडे, कधी थोडी पलीकडे.

बोरीकाठ (अमळनेर)
मंगळवार, रात्री १०:१०

काका, तुमचा निरोप वाचून आईला दाखवला. तिला गाणं ऐकवलं. दुसरं कडवं लागताच ती म्हणाली, हळदीच्या वेळी बायका हे कडवं परत लावायला सांगायच्या, आणि अण्णा सुई उचलून मागे ठेवायचे. कंदिलाच्या उजेडात, वाकून, डाव्या हाताने हात धरून. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन, मला आठवत नाही. तिला आठवतं.

वजाबाकीत ती झीज उरते, आज पुन्हा तपासलं.

मूळ फाइल ९६ ची आहे तशी ठेवतोय, तिला हात लावणार नाही. ऐकायच्या प्रतीत १.८ सेकंदांच्या टिचक्या एकेक करून काढल्या, पूर्ण बाजूवर फिल्टर फिरवला नाही. त्या ११ तशाच ठेवल्यात. केळीबागवाले भाऊ, तुम्ही मदतीलाच आला होतात, राग नसावा. तुमच्या कॅसेटींच्या मूळ प्रती अजून असतील तर जपून ठेवा.

आता पेटीतली पुढची एलपी लावलीय. ही उन्हाळ्यात पत्र्याखाली राहून वाकलीय. दर फेऱ्याला सुईचा हात बोटभर वरखाली होतो आणि २० हर्ट्झच्या खाली १.८ सेकंदांनी ठोका दिसतो. दोन काचांमध्ये ठेवून सपाट करण्याचा कुणाला अनुभव असेल तर सांगा. मी उन्हात ठेवून बघायला धजावत नाही.

पांझरेचं पाणी (धुळे)
मंगळवार, रात्री १०:३२

उन्हात अजिबात नको दादा. आपल्याकडचं मेमधलं ऊन म्हणजे रेकॉर्डची पोळी होईल. काचा घ्या, वर जाड पुस्तकं ठेवा आणि घरातल्या थंड खोलीत महिनाभर विसरून जा. कड थोडी बसते, सगळी नाही. तोवर सुई परत पाठवायची घाई करू नका, आधी बाकीच्या एलपी होऊ द्या.